गोळी एकट्या पोराची नाही

“आवशीन आपली किडनी दिल्यान, आणि ह्येका दोन वेळची गोळी घेवक जमना नाय?”

अवयव प्रत्यारोपण झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या गोळ्या चुकू लागल्या की आमच्या सिंधुदुर्गात पहिलं वाक्य हे येतं. मुंबई-पुण्यात तेच प्रमाण भाषेत ऐकू येतं: मुलाला शिस्त नाही, केलेल्याची जाण नाही, हल्लीची पिढीच बेफिकीर. असं बोलणारे परके नसतात. आईवडील, मामा, शिक्षक, कधी डॉक्टरही. त्यांचा जीव त्या पोरासाठी तुटत असतो, म्हणून त्यांच्या मताला वजन येतं आणि उलट कुणी बोलत नाही. पण उलट बोलायला हवं. गोळ्या चुकण्याचा सगळा दोष पोराच्या स्वभावावर टाकणारं हे मत वस्तुस्थितीला धरून नाही. आणि ते खरं मानून आपण जे उपाय करतो, त्यांनी अवयव वाचत नाहीत, उलट धोक्यात येतात.

त्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. गोळ्या चुकल्या तर अवयव जातो, यात वाद नाही. दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा यकृत शरीराला कायम परकंच वाटतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, म्हणून शरीराने ते आपलं मानलं. बाकी सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं लागतात. अमेरिकेत १९८३ साली सायक्लोस्पोरिनला आणि १९९४ साली टॅक्रोलिमसला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचं यश पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं. आज बहुतेक मुलांच्या डब्यात टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन यांपैकी दोन किंवा तिन्ही औषधं असतात. साधं टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यायचं असतं. रक्तातली त्याची पातळी एका अरुंद पट्ट्यात राहावी लागते. ती खाली घसरली तर शरीर अवयवावर तुटून पडतं, वर गेली तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करतं. गोळ्या वारंवार चुकल्या की दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, अवयव हळूहळू निकामी होतो आणि पुढे दुसरा जुळणारा दाता मिळणंही अवघड होऊन बसतं.

इथपर्यंत आमचं एकमत आहे. वाद पुढच्या प्रश्नावर आहे: पोर गोळ्या चुकवतं का?

दोष स्वभावाचा असता तर तो कुठल्याही वयात सारखाच दिसला असता. तसं दिसत नाही. मॉन्ट्रियलच्या बालमूत्रपिंडतज्ज्ञ बेथनी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या. लहानपणी किंवा तरुणपणी मूत्रपिंड मिळालेल्यांमध्ये ते निकामी होण्याचं प्रमाण १७ ते २४ या वयात सर्वांत जास्त होतं. पाचव्या वर्षी प्रत्यारोपण झालेलं मूल या वयात आलं की त्याचाही धोका वाढतो. पोर तेच, अवयव तोच, औषधंही बहुधा तीच. बदललेलं असतं ते वय आणि त्या वयात आजूबाजूने सुटत जाणारा आधार. याच वर्षांत मूल शाळेतून कॉलेजात जातं, घरातून नोकरीला लागतं आणि बालरोग विभागातून मोठ्यांच्या ओपीडीत ढकललं जातं. पुढचा विचार करून आत्ताचा मोह आवरण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. हे आजच्या पिढीचं वैगुण्य नाही. आपल्या आज्यापणज्यांचीही वाढ अशीच झाली, फक्त त्यांच्या चुकांची किंमत एक मूत्रपिंड नव्हती.

पोराच्या जागी उभं राहून पाहिलं तर कारणं स्पष्ट दिसतात. पहिलं कारण आरशात दिसतं. प्रेडनिसोलोनने चेहरा गोल होतो, वजन वाढतं, मुरमं येतात, उंची खुंटते. सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढतात आणि हिरड्या सुजतात. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. नववी-दहावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलासाठी ही किंमत लहान नाही. मुलीच्या बाबतीत तर घरचेच बजावतात की कुणाला कळू देऊ नको, पुढे लग्न जमायचं नाही. जिला आजार लपवायला शिकवलं, ती चारचौघांत डबा उघडणार कशी? मैत्रिणीच्या हळदीला गेल्यावर तिची रात्री आठची गोळी चुकते, कारण ती घरच्यांचीच आज्ञा पाळत असते.

दुसरं कारण शरीरातच आहे. दम्याचं औषध चुकलं तर श्वास लागतो आणि माणूस धावत पंपाकडे जातो. इथे गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही. उलट हाताची थरथर कमी होते, पोट शांत वाटतं. शरीर त्या मुलाला रोज सांगत असतं की गोळी न घेतलेलीच बरी. अवयवाला झालेली इजा मुकी असते. मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन वाढल्याचं रक्ततपासणीत दिसतं तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. याच कारणाने आपल्याकडची कितीतरी मोठी माणसं रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडून देतात. त्यांना कुणी कृतघ्न म्हणत नाही.

तिसरं कारण दिनक्रमाचं. सकाळच्या मात्रेपेक्षा संध्याकाळची जास्त चुकते आणि शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीच्या दिवशी जास्त चुकते, असं अभ्यासांत आढळलं आहे. कोकणातल्या घराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. चतुर्थीला रात्र रात्र भजनं, जत्रेला पहाटेपर्यंत दशावतार, मे महिन्यात चाकरमान्यांनी भरलेलं घर आणि वाडीवाडीतले क्रिकेटचे सामने. पुढे अठरा-विसाव्या वर्षी बांद्याचा मुलगा पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला लागतो. कारखान्यात पाळ्या बदलतात, या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. बारा तासांचं गणित तिथेच मोडतं. आजार सांगितला तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणेल, ही भीती वेगळी.

चौथं कारण अज्ञानाचं, आणि त्याला आपलं मौन जबाबदार आहे. मित्रांबरोबर एखाद्या शनिवारी बिअर घेतलेला मुलगा गोळी टाळतो, कारण दारूवर गोळी घेतली तर विष होतं अशी त्याची समजूत असते. दारू त्याच्यासाठी वाईटच आहे, पण त्या रात्रीची गोळी टाळणं ही चुकीवर दुसरी चूक आहे. हे त्याला सांगणार कोण? तो घरी विचारू शकत नाही आणि डॉक्टरांसमोर आई शेजारी बसलेली असते. तसंच प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्याचं. शेजारची काकू प्रेमाने काढा देते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही की या मुलाचं सगळं औषध प्रतिकारशक्ती दाबण्यासाठीच आहे. गणपतीवरच्या माटवीला बांधलेलं पपनस चतुर्थीनंतर सगळं घर खातं. त्याच जातीच्या फळांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. ताप आला म्हणून घेतलेलं वेदनाशामक इंजेक्शन मूत्रपिंडाला जड जातं. यातलं काहीही पोराच्या बेफिकिरीत मोडत नाही.

आणि पाचवं कारण मनाचं. सातव्या-आठव्या वर्षापासून सुया, टाके आणि अतिदक्षता विभाग पाहिलेल्या मुलाला गोळी समोर आली की ते सगळं पुन्हा आठवतं. न्यूयॉर्कच्या एयाल शेमेश आणि सहकाऱ्यांनी यकृत प्रत्यारोपण झालेल्या मुलांत हे २००० सालीच नोंदवलं: आघाताच्या आठवणी ज्यांना छळत होत्या, ती मुलं औषधं टाळत होती. घरात दिवसभरात त्याच्याशी होणाऱ्या बोलण्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य ‘गोळी घेतलंस?’ हेच असेल, तर एक दिवस तरी इतरांसारखं जगावं असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे.

आता आपण करतो त्या उपायांकडे वळू. सगळ्यात लाडका उपाय म्हणजे धाक. ‘आईने दिलेलं मूत्रपिंड घालवशील’, ‘पुन्हा डायलिसिसवर जाशील, मग कळेल’. भारतात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे अनेक घरांत दाता आईच असते आणि गोळ्यांवर नजर ठेवणारीही तीच. तिचं दान पोराच्या डोक्यावर कर्जासारखं ठेवलं की ते फेडता न येणारं पोर खोटं बोलू लागतं. त्या खोट्याचा परिणाम थेट रक्तात होतो. डॉक्टर पातळी कमी पाहतात, ‘सगळ्या गोळ्या घेतल्या’ हे ऐकतात आणि मात्रा वाढवतात. पोर घाबरून आठवडाभर वाढीव मात्रा काटेकोर घेतं, पातळी फार वर जाते आणि मूत्रपिंडाला विषबाधेसारखी इजा होते. खरं ऐकलं असतं तर मात्रा वाढवायची गरजच नव्हती.

धाकाने आणखी एक घडतं. तपासणीच्या आधीचे चार दिवस मुलं चोख गोळ्या घेतात. त्या दिवशीची पातळी छान येते, सगळे समाधानाने घरी जातात. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा अनेक तपासण्यांमधला चढउतार पाहणं जास्त उपयोगाचं आहे. शेमेश यांच्या गटाने अमेरिकेतल्या पाच केंद्रांतल्या, यकृत प्रत्यारोपण झालेल्या ४०० मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. टॅक्रोलिमसच्या पातळीतला चढउतार ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या किशोरवयीनांपैकी ५३ टक्क्यांच्या शरीराने दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत यकृत नाकारायला सुरुवात केली होती; चढउतार मर्यादेत असलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे संकट आधी ओळखता येतं, तेही हातात असलेल्या जुन्या रिपोर्टांवरून. ते ओळखायला पोराची उलटतपासणी लागत नाही. लागतो तो रिपोर्ट एकत्र मांडून पाहणारा डॉक्टर आणि ‘कुठे अडतंय?’ असं विचारणारा माणूस.

दुसरा उपाय ऐकायला आधुनिक वाटतो: आता मोठा झाला, त्याचं त्याला बघू दे. अठरावं लागलं की फाइल मोठ्यांच्या विभागात जाते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची वर्षं असतात. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपला अनुभव मांडला. पूर्वीच्या पद्धतीने एकदम मोठ्यांच्या विभागात पाठवलेल्या नऊ तरुणांपैकी सहा जणांचं मूत्रपिंड गेलं होतं. मग त्यांनी पौगंडापासूनच मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एकत्र बसतील असा तरुणांसाठीचा वेगळा दवाखाना सुरू केला, सोबतीला तरुणांबरोबर काम करणारा कार्यकर्ता दिला आणि बरोबरीच्या रुग्णांशी गाठ घालून दिली. त्या व्यवस्थेतून गेलेल्या बारा जणांपैकी एकाचंही मूत्रपिंड गेलं नाही. संख्या लहान आहेत हे खरं. पण दोन्ही गटांतल्या पोरांचा स्वभाव काही वेगळा नव्हता. वेगळी होती ती त्यांना मिळालेली साथ.

याच्या उलट टोकाचा उपाय म्हणजे सगळं आईने करायचं. ती डबा भरते, ती गोळी हातावर ठेवते, डॉक्टरांशी तीच बोलते. पोराला आपल्या औषधांची नावंही ठाऊक नसतात. आई आजारी पडली किंवा पोर शिकायला कोल्हापूरला गेलं की सगळं कोसळतं. शिवाय दान दिलेल्या बाईवर आयुष्यभराची पहारेदारी लादणं हा अन्यायच आहे. जबाबदारी सोपवायची ती पायरीपायरीने. बाराव्या वर्षी मुलाने आठवड्याचा डबा स्वतः भरावा आणि मोठ्यांनी तपासावा. चौदाव्या वर्षी औषधांची नावं, मात्रा आणि कारण त्याला सांगता यावं. सोळाव्या वर्षी डॉक्टरांशी दहा मिनिटं त्याने एकट्याने बोलावं, आईवडिलांनी बाहेर थांबावं. आणि विशी उलटेपर्यंत कुणीतरी, वडील, बहीण किंवा मित्र, रात्री डब्यात नजर टाकत राहावं. या यादीत बाप येतो हे मुद्दाम लिहितो, कारण बहुतेक घरांत तो अजून आलेला नाही.

तिसरा उपाय मोबाइलवर सोडून मोकळं होण्याचा. अलार्म लावा, ॲप घ्या, झालं. अलार्म चांगलाच आहे, जरूर लावावा. पण विस्मरण हे अनेक कारणांतलं एक आहे, हे वर सांगितलंच. याची नीट चाचणी झालेली आहे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या आठ केंद्रांत, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या ११ ते २४ वयाच्या १६९ जणांवर फॉस्टर यांच्याच नेतृत्वाखाली झालेला ‘टेक-इट’ हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला गोळी घेतल्याची नोंद करणारा डबा, मोबाइलवर आठवण आणि दर तीन महिन्यांनी प्रशिक्षित मार्गदर्शकाशी बसून ‘काय आडवं येतं, त्यावर काय करू’ असं बोलणं, हे सगळं मिळालं. त्या गटात सर्व गोळ्या घेतल्याच्या दिवसांचं प्रमाण ७८ टक्के निघालं, दुसऱ्या गटात ६८ टक्के. फरक खरा आहे आणि मोलाचाही. पण इतकं सगळं देऊनही शंभरातल्या बावीस दिवशी काहीतरी चुकलंच. पैसा, डबा, मोबाइल, प्रशिक्षित माणूस हाताशी असून जिथे हे होतं, तिथे बांद्याच्या, इन्सुलीच्या किंवा मडुऱ्याच्या पोराने एकट्याने शंभर टक्के करावं आणि न जमल्यास शिव्या खाव्यात, ही अपेक्षा कुठल्या न्यायाने करायची?

काही जण म्हणतात, हा सगळा पैशाचा प्रश्न आहे, मानसशास्त्र कशाला? पैशाचा प्रश्न आहेच. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली, ही स्वागताची गोष्ट आहे. पण शस्त्रक्रिया एकदाच होते, गोळ्या आयुष्यभर लागतात, आणि त्यांचा भार बहुतेक घरांवरच पडतो. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना या औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती गावातल्या घरापर्यंत पोचवणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असायला हवं. अमेरिकेसारख्या देशातही सरकारी विमा प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी या गोळ्यांचे पैसे देणं अनेकांसाठी थांबवायचा. २०२० साली कायदा करून त्यांनी ती चूक सुधारली आणि १ जानेवारी २०२३ पासून औषधांचं संरक्षण चालू ठेवलं. मात्र पैसा हे एकमेव कारण असतं तर सुखवस्तू घरांतल्या मुलांनी गोळ्या चुकवल्याच नसत्या. तीही चुकवतात. म्हणून पैसा आणि साथ दोन्ही द्यावी लागेल. एकाच्या नावावर दुसरं टाळता येणार नाही.

सर्वांत कठोर मत राहिलं. ‘ज्याने मिळालेला अवयव घालवला, त्याला दुसरा देऊ नये. रांगेत दुसरे आहेत.’ दात्याच्या कुटुंबाचा आदर म्हणून हे बोललं जातं, त्यामुळे ते न्याय्य वाटतं. पण अवयव घालवणारं पोर सोळा वर्षांचं होतं, त्याला गोळीचं कारण कधी समजावलं नव्हतं, त्याच्या पातळीतला चढउतार कुणी पाहिला नव्हता आणि त्याच्या घरात दोन महिने औषधाला पैसे नव्हते, हे तपासल्याशिवाय निकाल देणं हा न्याय नाही. दात्याचा खरा आदर म्हणजे त्याने दिलेला अवयव टिकेल अशी व्यवस्था उभी करणं. भारतात दरवर्षी ३ ऑगस्टला अवयवदान दिन पाळतात. भाषणं होतात, दानाच्या शपथा होतात. त्या व्यासपीठावरून मिळालेला अवयव टिकवण्याबद्दल, गोळ्यांबद्दल, सतरा वर्षांच्या पोराबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

आणि मिळालेला अवयव टिकवणं अवघड असलं तरी शक्य आहे. १९९८ साली दिल्लीत लहान मुलावरचं भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. तमिळनाडूतलं दोन वर्षंही पूर्ण न झालेलं ते बाळ वडिलांनी दिलेल्या यकृताच्या भागावर वाढलं, पौगंडातून सुखरूप बाहेर पडलं आणि पुढे स्वतः डॉक्टर झालं.

‘सरकारने आता गोळ्याही भरवायच्या का?’ असा प्रश्न येईल. क्षयाच्या बाबतीत सरकारने हेच केलं आहे. १९९७ साली सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पाया हाच होता की सहा महिने नेमाने औषध घेणं माणसाला एकट्याने जमत नाही, शेजारी कुणीतरी हवं. आशाताई, अंगणवाडी सेविका, दुकानदार यांच्या नजरेसमोर गोळ्या दिल्या गेल्या. २०१८ पासून रुग्णांना पोषणासाठी दरमहा पैसेही मिळू लागले. क्षयरोग्याची गोळी चुकली तर आरोग्यसेवक घरी येतो. प्रत्यारोपण झालेल्या मुलाची चुकली तर नातेवाईक टोमणा मारतात. २०१६-१७ मध्ये दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडताप आला तेव्हा हीच आरोग्ययंत्रणा गावागावांत फिरली. म्हणजे माणसं आहेत, वाटा माहीत आहेत. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत प्रत्यारोपण झालेली मुलं असून असून किती असतील? बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यापर्यंत पोचणं अशक्य म्हणणं हा कामचुकारपणा आहे.

बांद्यासारख्या गावासाठी मागण्या मोजक्या आहेत. टॅक्रोलिमसच्या पातळीचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं असतं. त्यासाठी पोराला पहाटे उठवून, गोळी खिशात ठेवून गोव्यातलं बांबोळी, बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागू नये. रक्त इथेच घेऊन नमुना पाठवता येतो. मुंबईच्या तज्ज्ञाशी महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलणं प्राथमिक आरोग्य केंद्रातून होऊ शकतं, आणि त्यातली दहा मिनिटं मुलाची एकट्याची असावीत. औषध दुकानदाराने या गोळ्या आगाऊ मागवाव्यात आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलून देऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या पावसात तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा घरात जून लागण्यापूर्वी किमान महिनाभराच्या गोळ्या कोरड्या पिशवीत असाव्यात. शाळेत एका शिक्षकाला सगळं ठाऊक असावं आणि डबा त्याच्या कपाटात राहावा, वर्गात गवगवा न करता. दिवसातून एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमस मिळतं. संध्याकाळची मात्राच सतत चुकत असेल तर ते आपल्या मुलाला चालेल का, हे पालकांनी डॉक्टरांना विचारावं. मात्र स्वतःच्या मनाने काहीही बदलू नये.

आणि घरातली मागणी एकच. ‘गोळी का घेतली नाहीस?’ हा प्रश्न बंद करा. ‘या आठवड्यात कुठली गोळी घेणं जड गेलं?’ असं विचारा. उत्तर काहीही आलं तरी त्या दिवशी रागावू नका. पोराने खरं सांगितलं आणि त्याला मार किंवा टोमणा मिळाला, तर ते खरं सांगणं तिथेच संपतं. ती माहिती डॉक्टरांपर्यंत पोचली तर मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, दुष्परिणामांवर इलाज करता येतो, मनाचा आजार असेल तर तोही बरा करता येतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी, प्रत्येकामागे एक आरोग्यसेवक नेमावा, आणि चुकलेल्या गोळीला गुन्हा न मानता मदतीची हाक मानावी. आईवडील, शिक्षक, दुकानदार आणि डॉक्टर यांनी आपला वाटा उचलल्यानंतरच त्या पोराकडे त्याचा वाटा मागण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. तोवर त्याला बेजबाबदार म्हणण्याचा नैतिक हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.